पायातले वारूळ : साथीच्या नकाशावर कधीच न आलेल्या एका बुरशीची कथा

इतिहासाच्या पुस्तकांत रोगांना जागा मिळते ती बहुधा साथींमुळे. प्लेग, पटकी, देवी, इन्फ्लुएन्झा यांनी शहरे ओस पाडली, सरकारांना कायदे करायला लावले, म्हणून त्यांची दप्तरे भरली. पण काही रोग असे आहेत की ते एका वेळी एकाच माणसाला गाठतात, तेही रानात, बांधावर, अनवाणी पायाला. त्यांच्या साथी येत नाहीत, म्हणून त्यांच्या तारखाही उरत नाहीत. आजचा धागा अशाच एका रोगाविषयी आहे. त्याचे शास्त्रीय नाव ठरले मुंबईत, आणि ते ठेवणाऱ्या माणसाने काढलेली चित्रे जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाहिली आहेत; त्याचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे.

आधी बुरशीविषयी थोडे. बुरशी म्हटले की शिळी भाकरी किंवा पावसाळ्यातले ओले जोडे आठवतात. पण बुरशींच्या वसाहती सर्वत्र आहेत. आपल्या टाळूवर राहणारी मॅलॅसेझिया नावाची किण्वासारखी बुरशी कोंड्याशी संबंधित आहे. आतड्यात आणि तोंडात कँडिडा असते, आणि बहुतेकांना तिचा पत्ताही लागत नाही. बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी बुरशीचे तंतू जोडलेले असतात. ते जमिनीतले स्फुरद झाडाला मिळवून देतात आणि मोबदल्यात साखर घेतात. दुसरीकडे, ज्वारीवरची काणी आणि गव्हावरचा तांबेरा याही बुरशीच. शेतकऱ्याला ही दोन्ही नावे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्यामागे एक सजीव आहे, हे शास्त्राला पटायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘सूक्ष्मजीवांमुळे रोग होतात’ हा सिद्धान्त आपण पाश्चर आणि कॉख यांच्या नावाने शिकतो, आणि त्यात मुख्य पात्र असते जिवाणू. प्रत्यक्षात पहिला पुरावा बुरशीने दिला. इटलीत लोदीजवळ राहणाऱ्या आगोस्तिनो बास्सी याने रेशीमकिड्यांच्या एका रोगाचा जवळपास पंचवीस वर्षे अभ्यास केला. त्या रोगात मेलेला किडा पांढऱ्या भुकटीने माखतो. ती भुकटी म्हणजे बुरशी आहे आणि तीच रोगाचे कारण आहे, हे बास्सीने १८३५ मध्ये जाहीर केले. त्यानंतर काही वर्षांतच शेनलाइन आणि ग्रूबी यांनी माणसाच्या डोक्यावरच्या खवड्यांत बुरशी दाखवली. कॉखचे अँथ्रॅक्सवरचे काम १८७६ चे. म्हणजे बास्सी चाळीस वर्षे पुढे होता.

या मधल्या काळात आपली गोष्ट घडते.

१८४२ मध्ये मदुरेच्या दवाखान्यातील जॉन गिल यांनी पायाच्या एका विलक्षण विकाराची नोंद केली. १८४६ मध्ये तिथल्याच कोलब्रुक यांनी त्याला ‘मदुरा फूट’ म्हटले आणि हे नाव रूढ झाले. विकाराचे स्वरूप असे: तळव्यावर किंवा घोट्याजवळ एक लहानशी, टणक, न दुखणारी गाठ येते. माणूस तिच्याकडे दुर्लक्ष करतो, कारण ती दुखत नाही. महिने जातात, वर्षे जातात. पाय सुजून बेढब होतो, त्याची कमान नाहीशी होते, कातडीवर एकामागून एक छिद्रे पडतात आणि त्यांतून पाण्यासारखा स्राव व बारीक दाणे बाहेर पडू लागतात. काहींच्या पायातून बंदुकीच्या दारूसारखे काळे, काहींच्या पायातून माशाच्या अंड्यांसारखे फिकट, तर क्वचित लाल. आत हाडे पोखरली जात असतात. अखेर चालणे थांबते.

आपल्याकडे हा विकार नवा नव्हता. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘वल्मीक’ नावाची व्याधी सांगितली आहे: हातापायांवर, सांध्यांवर किंवा मानेवर हळूहळू वाढणारी, वारुळासारखी अनेक तोंडांची गाठ. ही व्याधी आणि मदुरा फूट एकच, असे काही लेखक ठामपणे लिहितात. इतका ठामपणा मला मान्य नाही. जुन्या ग्रंथांतील वर्णन आजच्या निदानाशी शब्दशः जुळवणे धोक्याचे असते. परंतु ज्याने कोणी ती उपमा योजली, त्याने असा पाय पाहिला असावा असे वाटते खरे. आतून पोखरलेले, बाहेर अनेक भोकांनी उघडे असलेले वारूळ. याहून नेमके चित्र नंतरच्या इंग्रजी अहवालांतही सापडणार नाही.

आता मुंबईकडे येऊ. १८५८ मध्ये सव्वीस वर्षांचा एक इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरला. नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. जन्म १८३१ चा, इंग्लंडमधल्या हल गावचा; वडील चित्रकार. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिकत असताना त्याची गाठ हेन्री ग्रे या महत्त्वाकांक्षी शल्यचिकित्सकाशी पडली. ग्रे याने मजकूर लिहिला, कार्टरने चित्रे काढली, आणि १८५८ मध्ये शरीररचनेचे ते पुस्तक प्रसिद्ध झाले, जे आजही ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ म्हणून छापले जाते. त्यातली ३६३ चित्रे हे त्याचे खरे वैभव होते. हाड, स्नायू, रक्तवाहिनी यांची नावे बाजूला रेघ ओढून न लिहिता त्या-त्या अवयवावरच लिहिण्याची कार्टरची पद्धत विद्यार्थ्यांना इतकी सोयीची वाटली की पुस्तक हातोहात खपले. ग्रेला प्रत्येक हजार प्रतींमागे १५० पौंड मिळणार होते; कार्टरला एकदाच १५० पौंड मिळाले. मुखपृष्ठाच्या प्रूफात कार्टरच्या नावाखाली त्याचे नवे पद छापले होते: मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक. ग्रेने ते स्वतःच्या हाताने खोडले आणि कार्टरच्या नावाचा टाइप लहान करायला सांगितले. ते प्रूफ टिकून राहिले आहे, म्हणून आपल्याला हे कळते. तीन वर्षांत, १८६१ मध्ये, ग्रे देवीच्या रोगाने वारला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले होते. भाऊ दाजी लाड हे त्याच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर. शेजारीच सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय. कार्टर तिथे शरीररचना शिकवत असे आणि रुग्णालयात कामही पाहत असे. या रुग्णालयात मुलखातून असे पाय घेऊन माणसे येत. उपाय एकच होता, पाय कापणे. क्लोरोफॉर्म नुकता वापरात आला होता, म्हणून ते सुसह्य झाले होते इतकेच.

कापलेला पाय कार्टरच्या मेजावर येई. ज्या हाताने दोन-तीन वर्षांपूर्वी पायाच्या निरोगी हाडांची रेखीव चित्रे काढली होती, तोच हात आता त्याच हाडांत झालेली भगदाडे आणि त्यांत गच्च बसलेले काळे गोळे चितारू लागला. कार्टरने ते गोळे सूक्ष्मदर्शकाखाली फोडून पाहिले. आत दाटीने विणलेले, फांद्या फुटलेले तंतू होते. त्याने निष्कर्ष काढला: ही बुरशी आहे, ती बाहेरून शरीरात शिरली आहे, आणि रोगाचे कारण तीच आहे. १८६० मध्ये मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्याचा लेख आला. रोगाला त्याने ग्रीक शब्दांवरून नाव दिले, ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ. गावाच्या नावावरून रोग ओळखण्याऐवजी कारणावरून ओळखावा, हा बदल त्या एका शब्दात आहे. १८६० साली असे लिहायला मोठे धाडस लागत होते. कारण रोग दूषित हवेने होतात, असे मानणारेच तेव्हा बहुसंख्य होते.

(जुने संदर्भ चाळणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याच सुमारास मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचे आणखी एक शल्यचिकित्सक होते. ते निसर्गअभ्यासक, रॉयल सोसायटीचे सदस्य, आणि तेही सूक्ष्मदर्शक घेऊनच बसणारे. या रोगावर त्यांनीही लिहिले आहे. दोघेही ‘एच. कार्टर, मुंबई’. सूचींत दोघांची गल्लत होणे अगदी सोपे आहे.)

निष्कर्ष मांडला तरी पुरावा अपुरा होता. बुरशी कारण आहे असे म्हणायचे तर ती शरीराबाहेर वाढवून दाखवायला हवी. काचेच्या बरणीत ठेवलेल्या नमुन्यांवर कार्टरला तांबूस रंगाची बुरशी उगवलेली दिसली. त्याला वाटले, हाच तो जीव. नमुने इंग्लंडला रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कली यांच्याकडे गेले. हे गृहस्थ धर्मगुरू आणि त्या काळातले इंग्लंडचे सर्वांत मोठे बुरशीतज्ज्ञ. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा १८४६ मध्ये ‘सडण्यामुळे बुरशी येत नाही, तिच्यामुळेच पीक सडते’ असे सांगणारे हेच. (तो बटाट्यावरचा जीव आजच्या वर्गीकरणात खऱ्या बुरशींत मोडत नाही, पण बर्कलींचा मुद्दा खरा ठरला.) पिकांचा रोग आणि माणसाचा रोग एकाच माणसाच्या टेबलावर यावेत, हे त्या काळाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल, आज त्या दोन वेगळ्या इमारती आहेत. बर्कलींनी मुंबईच्या बुरशीला कार्टरचे नाव दिले: ‘कायोनिफी कार्टेराय’.

दुर्दैवाने ती बुरशी भलतीच होती. बरणीत बाहेरून पडलेली, रोगाशी संबंध नसलेली. कार्टरला ते कळले नाही.

पुढे १८६० च्या दशकात तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. मुंबईच्या प्रयोगशाळेपासून दूर, पण रुग्णांच्या गावांजवळ. १८७४ मध्ये लंडनहून त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, भारतातील ‘बुरशीरोगा’वर, स्वतः काढलेल्या चित्रांसह. त्यात त्याने काळ्या दाण्यांचा आणि फिकट दाण्यांचा असे रोगाचे प्रकार वेगळे केले. पण दोन्ही एकाच बुरशीची रूपे असावीत, असा त्याचा कल होता. रुग्ण बहुतेक शेतकरी आणि मजूर. अनवाणी चालणारे, काट्याकुट्यांत वावरणारे. शहरातल्या बूट घालणाऱ्या युरोपियनांत हा रोग जवळपास दिसतच नव्हता, आणि मला वाटते त्याच्या पुढच्या उपेक्षेचे मूळही इथेच आहे. छावणीतल्या सैनिकांना पटकी होई, म्हणून पटकीसाठी आयोग बसले.

ग्रंथ येऊन वर्ष उलटते न उलटते तोच कलकत्त्याहून उत्तर आले. टिमथी लुईस आणि डेव्हिड कनिंगहॅम या दोन लष्करी डॉक्टरांनी १८७५ मध्ये याच रोगावर अहवाल लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: फिकट दाण्यांत बुरशी दिसत नाही, काळ्यात दिसते, पण ती मागाहून आलेली असू शकते, बरणीतली तांबूस बुरशी तर काहीच सिद्ध करत नाही. बुरशी ही यजमान की पाहुणी, असा हा वाद होता.

या दोघांना हट्टी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यांच्या संशयाला इतिहास होता. १८६८ मध्ये, भारतात येण्यापूर्वी, सरकारने त्यांना जर्मनीला धाडले होते. येना येथील अर्न्स्ट हालियर नावाच्या प्राध्यापकाने तेव्हा असे जाहीर केले होते की पटकीचे कारण एक बुरशी असून तिचे मूळ पूर्वेकडच्या भाताच्या पिकावर आहे. लुईस व कनिंगहॅम त्याची पद्धत शिकले आणि इथे येऊन तपासली. हालियरचा सिद्धान्त टिकला नाही. त्याची भांडी पुरेशी स्वच्छ नव्हती आणि हवेतली कोणतीही बुरशी त्यांत उगवत होती. ज्यांनी अशी एक फसवणूक उघडी पाडली, त्यांच्यासमोर पाच-सहा वर्षांनी पुन्हा बरणीत उगवलेली बुरशी आली. त्यांनी विश्वास ठेवला नाही, यात नवल ते काय? कनिंगहॅम यांचा संशय मात्र पुढे सवयीचा झाला. कॉख याने १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जिवाणू दाखवला, तोही त्यांनी मान्य केला नाही.

कार्टर दुसऱ्या कामांकडे वळला. कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी नॉर्वेला जाऊन आला. १८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या दुष्काळात भुकेली माणसे मुंबईत लोटली आणि त्यांच्यात उलटून येणारा ताप पसरला. १८७७ मध्ये कार्टरने त्यांच्या रक्तात वळवळणारे सर्पिल जंतू पाहिले. त्या जंतूच्या भारतीय प्रकाराला पुढे त्याचे नाव देण्यात आले. १८८८ मध्ये तो निवृत्त झाला आणि ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने वारला.

वाद मिटला तो त्याच सुमारास, पण भारताबाहेर. १८९४ मध्ये अल्जीरियात हियासिंत व्हँसाँ याने फिकट दाण्यांतून एक जीव वाढवून दाखवला. तो बुरशी नव्हता, तंतूंसारखा वाढणारा जिवाणू होता. १८९८ मध्ये, कार्टरच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, बॉस्टनमध्ये जेम्स होमर राइट याने काळ्या दाण्यांतून खरी बुरशी वाढवली. म्हणजे एका नावाखाली दोन रोग नांदत होते. काळ्या दाण्यांबाबत कार्टर बरोबर होता. फिकट दाण्यांत बुरशी नाही, हे लुईस-कनिंगहॅम यांचे निरीक्षणही बरोबर होते. त्या जिवाणूचे तंतू बुरशीच्या तंतूंहून कितीतरी बारीक असतात आणि १८७५ मध्ये त्यांना रंग देऊन उठावदार करण्याची रीत हाती नव्हती. ग्रॅमची रंजनपद्धत १८८४ ची.

१९०५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रुम्प याने काळ्या बुरशीसाठी ‘मादुरेला’ ही प्रजाती ठरवली; आज ती ‘मादुरेला मायसेटोमॅटिस’ म्हणून ओळखली जाते. मदुरेचे नाव आले, कार्टरने घडवलेला शब्दही आला. कार्टरचे नाव ज्या बुरशीला होते, ती शास्त्राच्या अडगळीत गेली.

दोन रोग वेगळे केल्याने काय साधले? रुग्णाच्या दृष्टीने पुष्कळ. जिवाणूजन्य प्रकार प्रतिजैविकांना दाद देतो. बुरशीजन्य प्रकार मात्र चिवट आहे. ती बुरशी स्वतःभोवती कृष्णरंजक आणि सिमेंटसारखे द्रव्य रचून दाणा बनवते. त्या तटबंदीतून ना शरीराच्या संरक्षक पेशी आत जातात, ना औषध पुरेसे पोहोचते. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ गोळ्या, जोडीला शस्त्रक्रिया, आणि तरीही रोग परतण्याची भीती. दाणा काळा आहे की फिकट, हा कार्टरने केलेला भेद आजही खेड्यातल्या डॉक्टरला पहिली दिशा दाखवतो.

जाता जाता रंगाविषयी एक खुलासा. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. तो रोग म्हणजे म्युकरमायकोसिस. त्यातली बुरशी काळी नसते, रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती काळी पडते. मादुरेलाचे दाणे मात्र खरोखरच काळे. म्युकरमायकोसिसची मे २०२१ मध्ये साथरोग कायद्याखाली नोंद सक्तीची झाली. तो कायदा १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगसाठी केलेला.

मायसेटोमाचा सर्वाधिक भार आज सुदानवर आहे. खार्टुम येथे १९९१ मध्ये त्यासाठी खास संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतात, मेक्सिकोत, सेनेगलमध्येही रुग्ण आहेत. मधल्या पट्ट्याला ‘मायसेटोमा पट्टा’ असेच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाला उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ मध्ये, म्हणजे कार्टरच्या लेखानंतर १५६ वर्षांनी. त्यानंतर सुदानमध्ये फॉसराव्हुकोनॅझोल या औषधाची चाचणी झाली. जुन्या औषधाच्या रोज घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांऐवजी आठवड्यातून एकदा घ्यायचे हे औषध.

आणि ती बुरशी राहते कुठे? सुदानच्या मातीत तिचा डीएनए सापडला आहे, काट्यातही सापडला आहे. तिचे वंशातले नातलग शेणावर वाढणारे आहेत. म्हणून गोठ्याभोवतीची माती, गुरांना अडवण्यासाठी रचलेले काटेरी कुंपण आणि अनवाणी पाय यांची साखळी काही संशोधक मांडतात. पण पुष्कळ रुग्णांना काटा रुतल्याचे आठवतच नाही. शिवाय त्या भागातल्या अनेक निरोगी माणसांच्या रक्तातही या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. बुरशी त्यांच्याही शरीराशी भिडली होती, पण गाठ झाली नाही. काहींनाच ती का होते, याचा शोध खार्टुमच्या केंद्राने रुग्णांच्या जनुकांत सुरू केला. २०२३ मध्ये सुदानात यादवी पेटली आणि त्या युद्धात केंद्राची वास्तू उद्ध्वस्त झाली. अनेक दशके जपलेले नमुनेही तिच्यासोबत गेले.